नागपूरला समुद्र नाही, मग नागपूरचं विष समुद्रापर्यंत कसं जातं?

नागपूरच्या प्रताप नगरमधल्या माणसाला समुद्र बघायचा असेल तर एक तर मुंबई-कोकण गाठावं लागतं, नाहीतर पुरी किंवा विशाखापट्टणम. झिरो माइलचा दगड ज्या शहरात आहे ते शहर समुद्रापासून लांबच असणार. त्यामुळे समुद्राचं प्रदूषण म्हटलं की आपल्याला जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा आठवतो आणि वाटतं, हा मुंबईकरांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध?

संबंध आहे. प्रताप नगरमध्ये बेसिनमधून, बाथरूममधून, गाडी धुताना जे पाणी खाली जातं, त्याच्या वाटेवर पुढे बंगालचा उपसागर आहे. वाट लांब आहे. बरंचसं मध्येच अडतं, काही कुजून संपतं, पण काही गोष्टी कधीच संपत नाहीत. नेमकं काय संपतं, काय अडतं आणि काय समुद्रापर्यंत पोचतं, हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी वाट समजून घ्या

नागपूरची जमीन पश्चिमेला उंच आणि पूर्वेला सखल आहे. त्यामुळे शहराचं पाणी पूर्वेकडे उतरतं. ते वाहून नेणाऱ्या तीन नद्या म्हणजे नाग, पिवळी आणि पोहरा. नाग नदी वाडीजवळच्या लावा टेकड्यांच्या परिसरातून येते आणि अंबाझरी तलावापासून शहरात शिरते. शहर ओलांडून हे सगळं पाणी पूर्वेला कन्हान नदीला मिळतं.

कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. पाच नद्यांचा संगम म्हणून आपण जिथे सहलीला जातो, तेच आंभोरा. तिथून पुढे भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण लागतं. त्यानंतर पवनी, मग गडचिरोलीतलं मार्कंडा. पुढे वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंचाजवळ गोदावरीत मिसळते. गोदावरी तेलंगणातून भद्राचलमवरून आंध्रात उतरते, राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम बंधाऱ्यानंतर तिला फाटे फुटतात आणि यानम, अंतर्वेदीच्या बाजूला ती बंगालच्या उपसागराला मिळते.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या बाजूचं पाणी वेगळ्या वाटेनं जातं. ते वेणा नदीतून वर्धा नदीत पोचतं. पण वर्धाही प्राणहितेलाच मिळते. म्हणजे नागपूरच्या कुठल्याही बाजूचं पाणी असो, शेवटचा पत्ता एकच.

यात नागपूर एकटं नाही. गोदावरीचं खोरं सुमारे ३.१२ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या जवळपास एक दशांश. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग महाराष्ट्रात येतो. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, नागपूर, चंद्रपूर ही सगळी शहरं एकाच नदीच्या खोऱ्यातली. त्यामुळे "महाराष्ट्राचा समुद्र म्हणजे अरबी समुद्र" हे अर्धंच खरं आहे. नकाशावर आपला किनारा पश्चिमेला असला तरी राज्याचं बरंचसं पाणी पूर्वेच्या समुद्रात जातं.

वाटेत नदी स्वतःला साफ करत नाही का?

करते. "वाहतं पाणी शुद्ध असतं" असं आपले आजी-आजोबा म्हणायचे, त्यात तथ्य आहे. मैला, उरलेलं अन्न, साबणाचा काही भाग हे सेंद्रिय पदार्थ नदीतले जिवाणू खाऊन टाकतात. त्यासाठी त्यांना पाण्यातला ऑक्सिजन लागतो. घाण कमी आणि पाणी भरपूर असेल, तर काही किलोमीटरमध्ये नदी सावरते. सांडपाण्यातले रोगजंतूही उन्हाने आणि वेळेने बरेच मरतात. म्हणून नागपूरचा मैला जसाच्या तसा यानमच्या किनाऱ्यावर पोचतो, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

पण नदीची ही पचनशक्ती दोन ठिकाणी कमी पडते.

पहिलं कारण प्रमाणाचं. नागपूर शहरातून रोज साधारण ५० कोटी लिटर सांडपाणी निघतं. भांडेवाडीत मोठी शुद्धीकरण केंद्रं आहेत आणि तिथलं काही शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. हे काम देशात नाव घेण्यासारखं आहे. तरीही सगळं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचत नाही. जे गटारलाइनला न जोडता थेट नाल्यात उतरतं, ते थेट नदीत जातं. उन्हाळ्यात नाग नदीला स्वतःचं पाणी जवळपास नसतंच. वाहताना दिसतं ते बहुतेक सांडपाणी. पातळ करायला पाणीच नसेल तर नदी पचवणार काय?

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काही गोष्टी पचतच नाहीत.

न संपणाऱ्या चार गोष्टी

जड धातू. पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत, जळून नष्ट होत नाहीत. फक्त रूप आणि जागा बदलतात. बॅटरी, जुने रंग, धातूवर मुलामा देण्याची कामं, कोळशाची राख यांतून ती पाण्यात येतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, राखेचं पाणी नदीत गेलं आणि कन्हानवर अवलंबून असलेल्या नागपूरच्या पाणीपुरवठ्याला फटका बसला. पुरवठा काही दिवसांत सावरतो. नदीच्या तळाशी बसलेली राख मात्र तिथेच राहते.

चिवट रसायनं. काही कीटकनाशकं आणि औद्योगिक रसायनं वर्षानुवर्षं तुटत नाहीत. औषधांचंही तसंच. हैदराबादजवळच्या पाटणचेरूमध्ये औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं प्रमाण एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात जेवढं असतं त्याहून जास्त, आणि तेही "शुद्ध" केलेल्या पाण्यात! ते पाणी ओढ्या-नाल्यांतून मांजरा नदीत जातं. आपल्या बीड-लातूरकडून वाहत जाणारी तीच मांजरा पुढे गोदावरीला मिळते.

प्लास्टिक. पिशव्या, पाऊच यांचे उन्हात बारीक तुकडे होतात. सिंथेटिक कपडे धुताना सुटणारे धागे तर डोळ्याला दिसतही नाहीत. तुकडा बारीक झाला म्हणजे संपला असं नाही. उलट तो आणखी छोट्या जिवाच्या पोटात जाण्याजोगा होतो.

नत्र आणि स्फुरद. युरिया, डीएपी, मैला आणि काही डिटर्जंट यांतून ही दोन्ही पाण्यात येतात. ही विषं नाहीत, पिकांचं अन्न आहेत. पण ताटात वाढलं तर अन्न आणि घरभर सांडलं तर घाण, तसा हा प्रकार. पाण्यात ती कोणाचं अन्न होतात, ते पुढे येतंच.

पहिला किनारा गोसीखुर्दचा

समुद्राआधी ही घाण धरणात थांबते. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. ३३ दरवाजांचं हे धरण विदर्भाच्या सिंचनासाठी बांधलं. पण धरणात पाण्याचा वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की गाळ खाली बसतो. गाळाच्या कणांना चिकटलेले धातूही त्याच्यासोबत बसतात. वर नत्र-स्फुरदाच्या जोरावर जलपर्णी माजते.

याची किंमत आधी कोण मोजतं? भंडारा जिल्ह्यातले लोक. नागपूरची घाण आमच्या वैनगंगेत येते ही त्यांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. ढिवर समाजाची कितीतरी कुटुंबं या पाण्यातल्या मासेमारीवर जगतात. म्हणजे ज्यांनी घाण केली नाही, त्यांच्याच जाळ्यात ती येते. समुद्राची गोष्ट दूरची वाटत असेल तर ही बघा, शंभर किलोमीटरच्या आतली आहे.

काही जण म्हणतील, धरणात गाळ अडला म्हणजे समुद्र वाचला. तसं पूर्ण होत नाही. पाण्यात विरघळलेलं नत्र, औषधांचे अंश, तरंगणारं बारीक प्लास्टिक हे गाळासोबत खाली बसत नाही. ते दरवाजातून पुढे जातं. आणि वर्षातून काही दिवस असे येतात, जेव्हा बसलेला गाळही उठतो.

पूर म्हणजे नदीची वर्षभराची झाडलोट

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. घराघरांत चिखल साचला. तो चिखल फक्त मातीचा नव्हता. नदी आणि नाल्यांच्या तळाशी साचलेलं बरंच काही त्यात होतं.

प्रत्येक मोठ्या पुरात असंच होतं. उन्हाळाभर तळाशी साचलेलं पावसाळ्यात एकदम उठतं आणि पुढच्या टप्प्यावर जाऊन बसतं. गोदावरीचं वर्षभरातलं बहुतेक पाणी पावसाळ्यातच समुद्रात जातं. त्यामुळे समुद्राला मिळणारा हा हप्ता रोजचा नसतो. चार महिन्यांत ठोक येतो.

गोड पाणी खाऱ्याला भेटतं तेव्हा

आता मुखाजवळ येऊ. इथे जी गोष्ट घडते ती शाळेत सहसा शिकवत नाहीत.

नदीच्या पाण्यात मातीचे अतिशय बारीक कण तरंगत असतात. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि खाली बसत नाहीत. समुद्राच्या पाण्यातलं मीठ हा दुरावा मोडतं. कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे होतं, साधारण तसंच. फक्त इथे तुरटीच्या जागी समुद्र असतो.

याचा अर्थ काय? मातीला चिकटून आलेलं शिसं, क्रोमियम, कीटकनाशकं खोल समुद्रात पसरण्याआधीच खाडीच्या आणि मुखाच्या चिखलात जमा होतात. म्हणजे नेमकं तिथे, जिथे खारफुटी असते, जिथे कोळंबी-खेकड्यांची पिल्लं वाढतात, जिथे छोटे मच्छीमार होडी घालतात. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, देशातल्या मोठ्या खारफुटी वनांपैकी एक.

सगळे धातू मात्र एकसारखे वागत नाहीत. कॅडमियम उलटं करतं. मिठातल्या क्लोराइडशी त्याची जोडी जमते, ते मातीला सोडून परत पाण्यात विरघळतं आणि जिवांच्या शरीरात शिरायला मोकळं होतं.

पाऱ्याची गोष्ट सगळ्यात वाईट. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पारा शरीरात शिरला की सहज बाहेर पडत नाही. सूक्ष्म शेवाळात थोडा, ते खाणाऱ्या किड्यात जास्त, किड्यांना खाणाऱ्या छोट्या माशात आणखी जास्त आणि मोठ्या माशात पाण्याच्या तुलनेत लाखो पट. पाण्याची तपासणी "ठीक" येते आणि माशाची येत नाही, ते यामुळे.

जपानमधल्या मिनामाटाने हे जगाला दाखवलं. तिथला एक रासायनिक कारखाना पारा असलेलं पाणी उपसागरात सोडत होता. १९५६ मध्ये या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. मासे खाणाऱ्या कुटुंबांतल्या लोकांचे हातपाय वाकडे झाले, दृष्टी गेली, पोटातल्या बाळांवर परिणाम झाला. आज पाऱ्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार याच गावाच्या नावाने ओळखला जातो. भारतानेही त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

पाण्यात श्वास कोंडतो तेव्हा

धातूंपेक्षा नत्र-स्फुरदाचं काम वेगळं. हे खत किनाऱ्याच्या पाण्यात पोचलं की शेवाळ भराभर वाढतं. वाढलेलं शेवाळ मरतं, तळाशी जातं आणि कुजताना तिथला ऑक्सिजन संपवतं. मासे पळून जातात. ज्यांना पळता येत नाही ते शिंपले, खेकडे मरतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. आयोवा हे शेतीप्रधान राज्य, समुद्रापासून नागपूरहूनही लांब. तिथल्या मक्याच्या शेतांतलं खत मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि दर उन्हाळ्यात तिथे ऑक्सिजन कमी असलेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा होता. नागपूर जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा!

बंगालच्या उपसागरात तर परिस्थिती आधीच नाजूक आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा इतक्या नद्यांचं गोडं पाणी इथे येतं. ते हलकं असल्याने साईसारखं वर राहतं आणि वरचं-खालचं पाणी नीट मिसळत नाही. त्यामुळे साधारण १०० ते ४०० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते, असं दिसलं की अगदी नगण्य ऑक्सिजन अजून शिल्लक आहे आणि तेवढ्यानेच तोल टिकून आहे. जास्तीचं खत येत राहिलं तर तो तोल जाऊ शकतो.

म्हणजे एकट्या नागपूरमुळे उपसागर बिघडेल असं नाही. पण काठोकाठ भरलेल्या ग्लासात प्रत्येक शहराचा चमचा मोजला जातो.

पुलसा: समुद्रातून नदीत येणारा मासा

आंध्रच्या गोदावरी जिल्ह्यांत पुलसा नावाच्या माशाला हजारो रुपये भाव मिळतो. हा खरं तर हिलसा. समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदीत येतो, पुराच्या पाण्याच्या उलट पोहत. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी त्याची वाट अडते. आपण जे खाली पाठवतो, ते भेटायला हा मासा दरवर्षी वर येतो. वाटेतलं पाणी कसं आहे, हे त्याच्या शरीरात उतरतं आणि मग ताटात.

कोकणात तर अंतरही नाही

विदर्भाच्या नद्यांना निदान लांब वाट मिळते. सह्याद्रीच्या पश्चिमेला तीही नाही. उल्हास नदी सव्वाशे किलोमीटरच्या आतच खाडीला मिळते. तिची उपनदी काळू, हिच्या आंबिवली परिसरातल्या पाऱ्याच्या प्रदूषणाचा अभ्यास १९७० च्या दशकापासून झाला. सावित्रीकाठी महाडची, वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. तिथे कारखान्याच्या नळीपासून खाडीतल्या जाळ्यापर्यंत मधे फार काही नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक.

मग उपाय काय?

नाग नदीसाठी २०२२ च्या अखेरीस केंद्राने सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. जपानच्या 'जायका' संस्थेचं कर्ज त्यात आहे. नवी शुद्धीकरण केंद्रं, गटारलाइन, नाले वळवणं हे त्यातलं मुख्य काम. हे व्हायलाच हवं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मुख्यतः मैल्यासाठी असतं. धातू तिथे नष्ट होत नाहीत, केंद्राच्या गाळात जमा होतात. आणि तो गाळ उघड्यावर टाकला तर पावसात परत नदीत. औषधांचे अंश बरेचदा तसेच पुढे जातात. म्हणून धातू आणि रसायनं जिथे तयार होतात तिथेच, म्हणजे कारखान्याच्या आत अडवावी लागतात. समुद्रातून ती परत काढता येत नाहीत.

घरी काय करता येईल?

• मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका.
• बॅटरी, सीएफएल, पाऱ्याचा थर्मामीटर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.
• उरलेला रंग, थिनर, गाडीचं जुनं ऑइल नाल्यात ओतू नका.
• गणपती शाडूचा आणि नैसर्गिक रंगाचा घ्या, विसर्जन कृत्रिम टाक्यात करा.
• आपल्या वस्तीची गटारलाइन शुद्धीकरण केंद्रापर्यंत जाते की जवळच्या नाल्यात उतरते, हे नगरसेवकाला, महापालिकेला विचारा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पहिले चार आपण एकट्याने करू शकतो, पाचवा सगळ्यांनी मिळून विचारल्याशिवाय सुटत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याच्या तपासणीची आकडेवारी जाहीर करतं. कन्हान आणि वैनगंगेचे आकडे बघा आणि सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगऐवजी एक दिवस ते टाका.

आपण सहज म्हणतो, "वाहून गेलं." पण नदीत वाहून गेलेलं कुठेतरी थांबतंच. कधी गोसीखुर्दच्या गाळात, कधी ढिवराच्या जाळ्यात, कधी कोरिंगाच्या चिखलात. आपल्या नजरेआड झालं म्हणजे संपलं असं नाही. आता ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात असतं.